भिवराबाईच्या उंबऱ्याशी

गोदाकाठच्या सावळीपिंप्रीत श्रीनिरंतरनाथ महाराजांचा मठ होता, त्या काळची ही हकीकत. गावात भिवराबाई नावाची एक विधवा कोष्टीण एकटीच राहत असे. नऊ वर्षांपूर्वी तिला सांधेवाताने गाठले. बोटे वाकडी झाली, सकाळी मूठ वळेनाशी झाली. तरी ती नेटाने माग चालवी आणि दर गुरुवारी मठात येऊन डोके टेकवी. दुखण्याचा शब्द मात्र तिने महाराजांपाशी कधी काढला नाही.

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री विद्येने मोठे, पण जिभेचे तिखट. आपल्या औषधाने हिला उतार पडत नाही, याचाच त्यांना राग! एका गुरुवारी महाराज नदीवर गेले असता शास्त्री भर मठात म्हणाले, "भिवरे, नऊ वर्षं माझे काढे पितेस, नऊ वर्षं इथं नाक घासतेस. एक बोट तरी सरळ झालं? अगं, तुझं दुखणं हाडांत नाहीच. तुला कष्ट नकोत, कौतुक हवं!"

लोक हसले. भिवराबाई घरी आली ती दार लावूनच बसली. दोन दिवस चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने विळा उचलला आणि मागावर ताणलेले सूत कापायला हात उगारला. इतक्यात बाहेरून हाक आली, "बाई, पाणी देतेस का?"

दार उघडते तो काय! उंबऱ्याशी साक्षात महाराज! दोन्ही मनगटांत तांब्या धरून तिने पाणी पुढे केले आणि तिचा बांध फुटला.

"महाराज, बरं तरी करा, नाहीतर उचला तरी!"

महाराज म्हणाले, "ते माझ्या हाती नाही. पण तुझं सगळं ऐकल्याशिवाय मी इथून उठायचा नाही."

मग ती बोलू लागली. स्वतःची वेणीही घालता येत नाही, उद्याच्या धास्तीने झोप लागत नाही, सारे सांगितले. शेवटी म्हणाली, "देवाचा राग येतो. तुमचासुद्धा येतो, महाराज!"

"यायचाच. पुढं सांग."

याच वेळी त्र्यंबकशास्त्री त्या वाटेने जात होते. महाराजांना पाहून ते तडक मठात गेले आणि दारातूनच ओरडले, "तुमचे महाराज बघा, कोष्टिणीचं रडगाणं ऐकत बसलेत!"

लोक चकित झाले. समोर आसनावर महाराज निरूपण करीत होते! एकजण म्हणाला, "शास्त्रीबुवा, महाराज दुपारपासून इथून हललेले नाहीत."

शास्त्री धावत परतले. उंबऱ्याशी महाराज तसेच बसलेले! ते भिवराबाईला विचारीत होते, "उद्या किती विणशील?"

"चार बोटं कापड होईल, महाराज."

"मग चारच विण. हट्टानं पाचवं नको, कंटाळून चौथं सोडू नको. आणि ज्या दिवशी काहीच होणार नाही, त्या दिवशी दार उघडं ठेव. कुणी ना कुणी येईल."

शास्त्री महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "बुवा, तुमचं औषध खोटं नाही, ते चालू राहू द्या. पण नऊ वर्षांत हिला कधी विचारलंत, बाई, दिवस कसा काढतेस?"

"नाही, महाराज." शास्त्री भिवराबाईकडे वळले. "बाई, चुकलो मी."

डोळे पुसत ती म्हणाली, "उठा बुवा. आत येऊन बसा. सांगायचं अजून पुष्कळ आहे."

भक्तहो, भिवराबाईची बोटे अखेरपर्यंत वाकडीच राहिली. कधी चार बोटे कापड होई, कधी एक, कधी काहीच नाही. पण माग तिने सोडला नाही. पुढे गुरुवारी तिच्या अंगणात दम्याचे, वाताचे, जुन्या जखमांचे कितीतरी रोगी जमू लागले आणि एकमेकांचे ऐकू लागले. त्र्यंबकशास्त्रीही औषधांची पेटी घेऊन येत. आधी ते एकेकाला वाकून नमस्कार करीत, त्याचे सारे ऐकून घेत आणि मगच नाडीला हात लावीत.