चांदखडे आणि चाळीस मेंढरं

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा मेंढरं बोलायची आणि माणसं कधीमधी त्यांचं ऐकायचीसुद्धा!

एका डोंगराखाली म्हाळू नावाचा मेंढपाळ राहत होता. चाळीस मेंढरं, हीच त्याची दौलत. त्यांच्या दुधावर पोरं वाढत होती, लोकरीवर थंडी निघत होती.

एकदा बाजारात चांदखडे, म्हणजे चांदण्यासारखे चमकणारे दगड, आले. दिसायला सुरेख, पण कामाला शून्य! त्यांनी ना चटणी वाटता येई, ना कोयत्याला धार लावता येई. तरी सकाळी एका मेंढराला मिळालेल्या खड्याला दुपारी तीन मेंढरं मिळत. का, ते कोणी विचारलंच नाही. जो तो नुसता धावत होता.

म्हाळूचा शेजारी सटवा आपला सगळा कळप देऊन खडे घेऊन आला. वर म्हाळूला डिवचू लागला, "अरे, बघत काय बसलास? आज घेतलेस तर राजा होशील. उद्या हात चोळत बसशील!"

आपणच तेवढे मागे राहिलो, ही टोचणी फार वाईट असते बरं! म्हाळूने बायकोलाही न सांगता चाळीसच्या चाळीस मेंढरं हाकली आणि बाजाराची वाट धरली.

ओढ्यापाशी कळपातली सगळ्यात म्हातारी मेंढी वाटेतच बसली. काही केल्या उठेचना.

"ऊठ गं बाई, भाव निघून जाईल!" म्हाळू खेकसला.

"एक सांगा मालक," मेंढी सावकाश रवंथ करत म्हणाली, "अनोळखी रानात हिरवागार चारा दिसला, तर आम्हाला सगळ्यांना एकदम सोडता का?"

"खुळी की काय तू? पाला विषारी निघाला तर अख्खा कळप आडवा होईल. आधी दोघींना सोडतो, तीन दिवस बघतो, मग बाकीच्या."

"अस्सं! मग हा बाजार तुमच्या ओळखीचा दिसतोय."

म्हाळूला राग आला आणि रागाहून जास्त लाज वाटली. त्याने कळप माघारी वळवला. दोनच मेंढरं बाजारात नेऊन दोन खडे घेतले.

दुसऱ्या दिवशी भाव दुप्पट झाला. सटवा खो खो हसला. कळप हाकायला म्हाळूने दोनदा काठी उचलली, दोनदा खाली ठेवली. "तीन दिवस म्हणजे तीन दिवस," तो स्वतःलाच दटावत होता.

तिसऱ्या दिवशी बाजारात एकच ओरडा झाला. खड्यांच्या राशी पडल्या होत्या आणि घेणारा औषधालाही नव्हता. एका खड्याला मूठभर लोकरही द्यायला कोणी तयार होईना. सटवा रस्त्यातच डोकं धरून बसला होता.

म्हाळू धावत घरी आला. मेंढरांच्या मधोमध मटकन बसला आणि एकदमच हसायला नि रडायला लागला.

"अहो, झालं तरी काय?" बायको घाबरून धावली.

त्याने सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणजे दोन मेंढरं गेली?"

"अगं, दोनच गेली! वाचलो गं, वाचलो!"

त्या थंडीत म्हाळूची पोरं लोकरीत गुरफटून निजली, आणि सटवा दुसऱ्याची मेंढरं राखू लागला.

तात्पर्य: मोह कितीही मोठा असो, गेलं तरी घर चालेल तेवढंच पणाला लावावं आणि बाकीच्यासाठी धीर धरावा.