दाऊदचाचांची सही

“बारा दिवस झाले, चाचा. व्होल्टेजचा काटा केसभरसुद्धा हलला नाही. मग सही का नाही?”

शलाका खोपकर विचारत होती खरी, पण बघत होती आपल्याच डब्याकडे. कौतुकानं बघावं असाच होता तो. विजेवर चालणाऱ्या त्या नव्या जहाजाच्या जनरेटरचं व्होल्टेज डबा सांभाळायचा, आणि विजेचा बोजा बदलेल तसा आपला आपणच शिकत जायचा. दोन वर्षं खपून तिनं तो बनवला होता. त्या दिवशी बाईसाहेब नाकावर माशी बसू देत नव्हत्या.

पण दाऊदचाचा परकारांच्या सहीशिवाय डबा समुद्रात जाणार नव्हता. चाळीस वर्षं जहाजांवरची वीज सांभाळलेला माणूस. शलाकाला हे काम त्यांनीच शिकवलेलं. आज सही झाली नाही, तर उद्या डबा काढून त्याच्या जागी जुनं यंत्र बसणार होतं.

“जहाज हललं का?” चाचांनी विचारलं.

“धक्क्याला बांधलंय. कसं हलेल?”

“हं...”

चाचा उठले. जहाजाला आडवं ढकलणाऱ्या थोरल्या मोटारीचं बटण त्यांनी सरळ दाबलं.

“अहो चाचा, आधी सांगायचं तरी!”

“समुद्र सांगतो?”

काटा धाडकन पडला, उसळला, पुन्हा पडला. जनरेटर बंद. भर दुपारी जहाजाच्या पोटात अंधार...

शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं.

“माझंच चुकलं,” ती अखेर म्हणाली. “बारा दिवस शिकण्यासारखं काही घडलंच नाही. मग बसल्या बसल्या भलतंच शिकून बसला.”

“कोण? डबा की तू?” चाचांनी विचारलं.

तिचे कान तापले. राग आला. चाचांचा थोडा, स्वतःचा जास्त.

दिवे परत आले. तिनं डब्याला नवा नियम घातला, बोजा हलत नसेल तेव्हा शिकायचं नाही. मग त्यानं आजवर शिकलेलं सगळं पुसून टाकायला तिनं हात पुढे केला.

“मघाचा दणकाही पुसणार?” चाचांनी विचारलं.

हात थांबला...

तिनं बारा दिवस पुसले. दणका ठेवला.

आणि आता बटण तिनं स्वतः दाबलं. काटा पडला, डळमळला, सावरला. तिनं पुन्हा दाबलं. चौथ्या खेपेला काटा लवकर सावरला. नवव्या खेपेला जरासा झुकला आणि मुकाट जागेवर आला. दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत.

शलाकाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. का चढू नये? चाचा तिला काही बोलले नाहीत, पण दारात उभ्या असलेल्या खलाशाला मुद्दाम हाक मारून म्हणाले, “बघितलंस? माझ्या हाताखाली शिकलेली पोर आहे.”

तिनं कागद पुढे केला. चाचांनी खिशातून पेन काढलं.

“चाचा, आता नाही ना चुकणार हा?”

चाचांनी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.

“चुकेल. चुकायचा थांबला की कळव मला. सही परत घेतो.”