नडगीवरचा अंगठा

तालमीतालमीत डबं इकत फिरणाऱ्या पावडरवाल्यानं चार माणसांत सांगितलं म्हणं, आमच्या वस्तादांनी सर्जेरावाचं वाटुळं केलं. कुस्त्यांचं मैदान आठ दिवसांवर आलं असताना तयार पैलवानाचं नाव यादीतनं काढलं, म्हाताऱ्याला पठ्ठ्याचं अंग बघवलं न्हाई. बरं झालं त्यो हितं न्हाई. असता तर मानगूट धरून ऐकवलं असतं. आता तुम्ही ऐका.

आमच्या तालमीत इराप्पा म्हणून वस्ताद हायत. सत्तरी उलटली, कान मोडल्यालं, बोलणं मोजकं. सर्जेराव त्येंचा पठ्ठा, चोवीस वर्सांचा. दोन वर्सं गड्याला मोठी कुस्ती मिळाली न्हवती. औंदा मात्र पाच महिन्यांत असा भरला, की दंडाला सदरा बसंना. आम्ही खूश. मीबी त्येच्या खांद्यावर थाप मारायचो आणि म्हणायचो, खुराक मानवला बघ तुला. मीच येडा.

खुराक कसला. पावडरवाला तालुक्यास्नं सुया आणि अंग फुगवायच्या औषधाच्या बारक्या बाटल्या आणायचा. सर्जेराव सोता टोचून घ्यायचा आणि तालमीतल्या आणखी तिघांना लावायचा. तीन गिऱ्हाईकं दिली की ह्येला फुकट.

आमच्यात रीत हाय. मेहनत झाली की पठ्ठ्यानं वस्तादाचं पाय दाबायचं. पोरगं कुणाचंबी असू दे, त्यात सुटका न्हाई. त्या दिवशी सर्जेराव पाय दाबायला खाली बसला, तर वस्ताद उठलं. त्येला कट्ट्यावर बसवलं, आपण मातीत मांडी घातली आणि त्येचा पाय उचलून मांडीवर घेतला.

वस्तादानं पठ्ठ्याचा पाय धरला, हे आमच्या बापानं बघितलं नसंल. मागनं एक जण पुटपुटला, म्हातारं गेलं कामातनं. सर्जेराव पाय ओढाय लागला.

"वस्ताद, असं करू नका. मला पाप लागंल."

वस्तादांनी ऐकलं न्हाई. नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. दहा मोजावं इतका येळ. मग उचलला.

खड्डा तसाच राहिला.

आम्ही वाकून बघतोय, आणि त्यो काय भरंना. चप्पल काढून तास झाला तरी गड्याच्या पायावर पट्ट्याचा वळ असायचा, ते मी रोज बघत हुतो. बघून काय उपेग, मी दंड बघत हुतो.

वस्ताद हळूच बोललं. "चाळीस वर्सं मी ह्या हौद्यात ताक, तेल, हळद घालून माती मऊ करतोय. मातीत बोट रुतावं म्हणून. माणसात रुतू नये, बाळा. हे सगळं मांस न्हाई, आत पाणी साठलंय. जोड लावणारा पंच तुझा दंड बघंल, लोक टाळ्या वाजवतील. नडगी कोण बघणार? मातीतला खड्डा मी खोऱ्यानं भरतो. ह्यो कशानं भरू?"

सर्जेरावानं मान खाली घातली. वस्तादांनी आणखी कोण म्हणून इचारलं न्हाई. तसंच सरकत पुढच्या गड्याचा पाय मांडीवर घेतला. मग त्येच्या पुढच्याचा. दोघांच्या नडग्यांवर खड्डं उमटलं. सर्जेरावानं लावलेलं गडी तीन, पण तिसरा तालमीत न्हवता.

तिसरा म्हंजे महिपती. कणकण आलीया म्हणून चार दिवसांमागं गावाला गेल्याला. ते ध्यानात आलं तसा सर्जेराव पांढरा पडला. माझ्या हातातनं गाडीची किल्ली घेतली. मी मागं बसलो. वीस किलोमीटर गड्यानं गाडी कुठं थांबवली न्हाई.

महिपती अंगणात बाजेवर बसला हुता, उन्हातबी पाय चादरीत. त्येची आई खुशीत बाहेर आली. म्हणाली, बघा की, पोरगं कसं भरलंय, तोंडसुदिक गोल झालंय.

सर्जेराव खाली बसला. चादर सारली, त्येचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा दाबला. माऊली हसत बघत हुती. मग अंगठा उचलला, आणि तिचं हसू गेलं. आम्ही चौघंबी त्या खड्ड्याकडं बघत हुतो.

"मावशी," सर्जेराव वर न बघता म्हणाला, "ह्येचं कपडं पिशवीत भरा. दवाखान्यात चाललोय. ह्ये मी दिलंय त्येला."

मैदानाच्या यादीतनं सर्जेरावाचं नाव वस्तादांनी काढलं न्हाई. त्येनं सोता जाऊन काढलं. त्येला गोळ्या चालू हायत, आणि डॉक्टर अजून बरं व्हायची खात्री देत न्हाई. महिपती दवाखान्यातच हाय. सर्जेराव रोज त्येच्या उशाला बसतोय. पावडरवाला पिशवी घेऊन दुसऱ्या तालमीत फिरतोय.

तुमच्या घरातबी औंदा एकाएकी भरल्याला गडी हाय. मी बघितलाय, तुम्ही बघितलाय, आणि खांद्यावर थापबी मारलीया. लाज सोडा. आज घरी जा, त्येला कट्ट्यावर बसवा, पाय मांडीवर घ्या आणि नडगीवर अंगठा दाबा.