न पुसलेली बंदूक

ही समोर दिसते ती बाराची टेकडी. वरच्या देवळीत देव नाही, एक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची, बंदूक आहे. काजळीने काळी झालेली, दस्ता तारेने बांधलेला. फोटो खुशाल काढा, पण तिला पुसायला जाऊ नका. मागे एका पाहुण्याने रुमाल काढला, तेव्हा मला रागावून बोलावे लागले.

टेकडीपलीकडे पूर्वी तलाव होता. बांधाला धोका दिसला की राखणदाराने वरून बार काढायचा आणि खालच्यांनी ओढा सोडून चढाला लागायचे, अशी रीत होती म्हणे. तेव्हाचा राखणदार सटवाजी. ही बंदूक त्याच्या बापापासूनची. दिसायला कळकट, पण भर पावसातही तिने कधी दगा दिला नव्हता.

एका वर्षी जहागीरदाराने गावाला नवी बंदूक दिली. नळीवर चांदीचे वेल, दस्ता तर आरसाच. गाव हरखून गेले. तलावाच्या पूजेला जहागीरदार स्वतः येणार, म्हणून जुनी बंदूक वरच्या चावडीत कुलपात गेली आणि नवी सटवाजीच्या हाती आली. असे सांगतात, की त्याने एवढेच मागितले, "पाटील, एक बार काढून बघू द्या."

"नळी काळी व्हईल. पाहुणं जाऊ द्यात, मग बघ," पाटील म्हणाले.

पूजेच्या दिवशी सारा गाव ओढ्याच्या कोरड्या पात्रात पंगतीला बसला. सटवाजीची लेक सगुणा वाढत होती. आणि वरून सटवाजीला दिसले, बांधाच्या पोटातून गढूळ पाणी सुटले आहे. त्याने तोडा टेकवला. नळीच्या कानावरची, भोकाबाहेर ठेवलेली दारू भुर्रकन जळाली, बार झाला नाही. पुन्हा भरली, पुन्हा तेच. चकाकीसाठी महिनोन्महिने चोळलेल्या मेणाने आग आत जायचे भोकच बुजले होते.

त्याने बोंब ठोकली, तर खाली वाजंत्री चाललेली. मग बंदूक डोक्यावर धरून तो हात हलवू लागला, वर या, वर या. उन्हात चांदी चमकली. खालच्यांना वाटले, सटवाजी नवी बंदूक मिरवतोय. सगुणाने पळी खाली ठेवली आणि हसून बापाला हात हलवला. मग सगळी पंगतच हात हलवू लागली.

तो उतारावरून धावत सुटला. पाणी त्याच्या आधी पोहोचले. त्या बापाचे काय झाले असेल, ते मला या वयातही सांगवत नाही.

चांदीची बंदूक त्याने स्वतः गाळात पुरली म्हणे. चावडीच्या कुलपातली ही तेवढी राहिली.

आजही आमच्याकडे दसऱ्याला कोऱ्या हत्याराला फूल वाहत नाहीत. पहिला मान हिचा, आणि तोही न पुसता. आणि आजही या गावात कुणी हात हलवून निरोप देत नाही. तुमची गाडी निघेल, तुम्ही काचेतून हात कराल. मी नुसता उभा राहीन. वाईट वाटून घेऊ नका.