खणाची घडी आणि वाड्याशेजारची सावर

"उद्या दुपारच्या आत ही सावर आडवी झाली पाहिजे!" भुजंगराजे गरजले, आणि मिशीत अडकलेला कापूस उपटू लागले.

वैशाख लागला होता. वाड्याशेजारच्या काटेसावरीची बोंडं उकलली होती, आणि वारा सुटला की कापूस थेट राजाच्या गच्चीवर. सरबतात कापूस, पानाच्या तबकात कापूस, आणि दरबारात राजे हुकूम द्यायला तोंड उघडत, तर तिथंही कापूस!

आता झाड तोडायचं खरं, पण पाडायचं कुठं? एका अंगाला वाडा, दुसऱ्या अंगाला देऊळ, तिसऱ्या अंगाला तळ्याचा घाट. मोकळी सपाट जागा काय ती मावळतीकडे, आणि तिच्या टोकाला शिदोबा कोष्ट्याचं घर.

"घर झाडाखाली सापडेल," कारभारी विसाजीपंत म्हणाले. "सकाळी आधी घर पाडू, मग झाड."

शिदोबाची लेक येसू हे ऐकताच हातातला मागाचा धोटा टाकून वाड्यावर धावली. कोष्ट्याचा माग म्हणजे काही बाज नव्हे, उचलली आणि दुसऱ्या ओसरीवर टाकली. खड्ड्यात बसवलेला माग तो, आणि त्यावर बापलेकीनं खपून खपून चढवलेला उभ्या धाग्यांचा ताणा. घर गेलं की सगळंच गेलं.

"महाराज, झाड आमच्या घरापर्यंत पोचायचं नाही!"

"तुला गं कसं ठाऊक?"

"रोज बघते की."

"बघून काय होतंय? मोजून दाखव!" राजे हट्टाला पेटले. "झाडाला हात लावायचा नाही. मला पटलं तर घर राहील. संध्याकाळची नौबत झडेपर्यंत वेळ!"

विसाजीपंत गालात हसले. सावरीच्या बुंध्याला हे एवढाले काटे, माकडसुद्धा तिच्या वाटेला जात नाही. सावली मोजावी म्हटलं, तर सकाळपासून आभाळ भरलेलं.

येसू घरी आली. शिदोबा डोक्याला हात लावून मागाच्या खड्ड्यात बसला होता.

"ताणा सोडवू का गं पोरी?"

"नका सोडवू, बाबा. एक कोरा खण द्या. आणि जेवायचा पाट."

"पाट? आता कुणाला जेवायला घालतेस?"

"सावरीला!"

चोळीच्या खणाची घडी तुम्ही पाहिली असेलच. ओटीत घालायचा खण कुणी चौकोनी ठेवत नाही. चौकोनाचा कोपरा समोरच्या कोपऱ्यावर आणायचा, दुमडायचा, पुन्हा दुमडायचा. होतो तो त्रिकोण. त्याच्या दोन कडा सारख्या आणि एकमेकींशी काटकोनात, तिसरी तिरकी. येसूनं खळ दिलेला खण असा दाबून दुमडला की घडी फळीसारखी ताठ उभी राहिली.

खण भुईला टेकवायचा नाही, म्हणून पाट. घरासमोरच्या सपाट जागेत तिनं पाट मांडला. खणाची एक कड पाटावर बसवली, दुसरी झाडाच्या बाजूला उभी. मग पोरगी सरळ पालथी पडली, मागच्या टोकदार कोपऱ्याशी डोळा नेला, आणि तिरक्या कडेवरून वर बघू लागली. शेंडा कडेच्या वर दिसला की पाट मागं. कडेच्या खाली गेला की पाट पुढं.

राजे पंतांना घेऊन बघायला आलेच. "काय गं, झाडाला दंडवत घालतेस?"

"मोजतेय, महाराज. मोजून झालंसुद्धा! शेंडा या पाटाशी पडणार."

पाटापासून घरापर्यंत दोन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा होती.

"ते कसं?"

"घडीची ही खालची कड आणि ही उभी कड, दोन्ही सारख्या. तिरक्या कडेवरून डोळा शेंड्याला लागला, म्हणजे हीच घडी पार झाडाएवढी वाढली म्हणायची. पाटापासून बुंधा जितका लांब, तितकाच शेंडा उंच."

"आणि पाटाची जाडी?" विसाजीपंतांनी पकडलं. "तेवढं झाड जास्त नाही का?"

"धरा की जास्त, पंत! तेवढं अंगण आहे आमच्याकडे!"

राजांना हसू आलं, पण ते दाबून म्हणाले, "वीतभर फडक्यानं झाड मोजतेस होय? फडकं लहान म्हणून झाड लहान भरलं! राणीसाहेबांचा तो मोठा भरजरी खण आणा!"

खण आला. येसूनं दुमडला, पाटावर उभा केला. पंतांनी लगबगीनं सतरंजी अंथरली.

"ती काढा, पंत. महाराजांचा डोळा उगाच वर जाईल."

"काढा!" राजे म्हणाले, आणि धुळीत पालथे पडले. फेटा सरकला, पोट आडवं आलं, पण डोळा कोपऱ्याशी लागला. "अरेच्चा! शेंडा कडेवरच!"

"खण केवढाही असो, महाराज. दुमडला की टोकाचा कोपरा तेवढाच."

राजे कपडे झटकत उठले. "घर राहू दे. पण उद्या तू या पाटामागं उभं राहायचं. आहे कबूल?"

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी गाव लोटला. घाव पडू लागले. येसू पाटामागं उभी, आणि शिदोबानं डोळे गच्च मिटलेले. सावर कुरकुरली, झुकली, आणि धाडकन आडवी झाली! धूळ बसली तेव्हा शेंडा पाटाच्या वीतभर अलीकडे होता, खाली खुंट उरला होता ना, तेवढा. पलीकडे येसू नखशिखांत कापसानं पांढरी झाली होती.

राजे धावत आले. "पोरी, भीती नाही वाटली?"

"वाटली की, महाराज!"

"म्हणजे तुझा तुझ्या घडीवर भरवसा नव्हता?"

"घडीवर होता. आपल्या तोडणाऱ्यांवर नव्हता! शेंडा कुठवर पोचेल ते खण सांगतो. झाड कुणीकडे पडेल ते नाही सांगत!"

भुजंगराजे असे हसले, असे हसले, की त्यांना पडलेल्या सावरीवर टेकावं लागलं, आणि टेकले तसे काटे टोचून ओरडत उठले! राणीसाहेबांनी तो भरजरी खण तिथंच येसूच्या ओटीत घातला, आणि वाड्यातले सगळे खण यापुढं शिदोबाच्याच मागावर विणले जातील, असा हुकूम राजांनी उभ्या उभ्याच दिला.