पांढऱ्या दगडापर्यंत

त्या माळावर कुणीच उपाशी झोपत नसे. तित्तिरांची सगळी पिल्लं बाभळीखाली एकाच पंगतीला बसत आणि पंगतीत रोज मोहाच्या रसात कालवलेला कोंडा असे. तो पुरवायची घूस. तिच्या बिळात कोंड्याला तोटा नव्हता, आणि आयतं आलेलं नाकारण्याइतका शहाणपणा माळावर कुणाला परवडत नव्हता.

अन्न चांगलं की वाईट, हे ठरवायची त्यांची रीत जुनी होती. पिल्लांआधी एका थोराने पहिला घास खायचा. बाभळीची सावली वारुळाला टेकेपर्यंत तो उभा राहिला, म्हणजे अन्न उत्तम.

भुरकी नावाची तित्तिरी तीन उन्हाळे हा घास खात होती आणि ठणठणीत उभी राहत होती. मग एके सकाळी तिची लेक ठिपकी पंगतीतून उठताना कोलमडली. भुरकीने तिचे पाय पाहिले. पायांच्या काड्या वाकल्या होत्या. तिने शेजारच्या पिल्लाचे पाय पाहिले, त्याच्या शेजारच्याचे पाहिले. सगळी गुबगुबीत आणि सगळी फेंगडी. माळाच्या कडेला खोकड राहत होतं, आणि ज्यांना अजून उडता येत नाही त्यांना वाचवायला पायांखेरीज दुसरं काय असतं?

सभेत ती बोलायला उभी राहिली. घुशीला दुखवलं तर उद्या कोंडाही मिळायचा नाही, ही धास्ती होतीच.

"कारभारी," ती म्हणाली, "मी उभी राहते, खरंय. पण माझी हाडं कधीच भरलीत. पोरांना पळता येतंय का, ते बघा की!"

म्हातारा कारभारी मनाने भला होता. त्याने नवा नियम केला. खोकडाला शिरता येत नाही अशा बोराटीच्या जाळीच्या तोंडाशी त्याने एक पांढरा दगड ठेवला. जे खाऊन पिल्लं एका दमात दगड गाठतील, तेच योग्य अन्न. पहिल्या दिवशी तिसांतली चारच पोचली. माळ हादरला. कोंडा बंद, वाळवी आणि नाकतोडे सुरू, असं एकमताने ठरलं.

ठरवायला काय जातं! वाळवी उकरताना चोची झिजू लागल्या, नाकतोड्यांमागे धावताना थोरांच्या तोंडाला फेस आला. पिल्लं गोडासाठी गळा काढून रडत. घूस तेवढी न चुकता कोंडा आणून ठेवी आणि मायेने म्हणे, "असू दे हो, लेकरांच्या तोंडाला चव." महिन्याभरात पंगतीत पुन्हा कोंडाच आला.

पिल्लं दगडापर्यंत पोचेनात, तेव्हा कारभाऱ्याला त्यांची दया आली. त्याने दगड थोडा अलीकडे घेतला. पुढच्या आठवड्यात आणखी थोडा. पोरं हिरमुसू नयेत म्हणून त्यांना शिकवलं, की दगड गाठला की ओळीत उभं राहायचं, छाती काढायची आणि "पोचलो" म्हणायचं. मग थोर मंडळी पंख फडफडवत.

एके दिवशी तिसाच्या तीस पोचली. सगळा माळ आनंदला. भुरकी तेवढी धावत कारभाऱ्याकडे गेली.

"अहो, जाळी होती तिथेच आहे ना!"

"अगं, तुझी ठिपकीसुद्धा पास झाली," कारभारी हसला. "लेकीच्या आनंदावर कशाला विरजण घालतेस?"

भुरकीने वळून पाहिलं. ठिपकी दगडाशी ऐटीत उभी होती. जन्मात पहिल्यांदाच ती कशात तरी मागे राहिली नव्हती. भुरकीला भरून आलं आणि ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचं भय मात्र तिच्या छातीतून गेलं नाही. गवत हललं तरी ती दचके.

खोकड आलं ते भर दुपारी, पंगत उठता उठता. गवतातून तांबूस पाठ सरकताना भुरकीलाच आधी दिसली.

"पळा! जाळीत पळा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

पिल्लं पळाली. फेंगड्या पायांनी, धडपडत, जीव तोडून पळाली. तिसाच्या तीस दगडापाशी पोचली आणि तिथे थांबली. ओळीत उभी राहिली. सगळ्यांनी छाती काढली, आणि ठिपकी आईकडे बघून आनंदाने ओरडली, "आई, पोचले!"