न ठोकलेले नाव

समुद्राकाठच्या एका गावात केरबा नावाचा तांबट राहत असे. हंडे, घंगाळे, गडू घडवावेत ते त्यानेच. तांब्यावर हातोडीने तो मठार, म्हणजे बारीक ठोके, उठवी, ते इतके सारखे की बोट फिरवले तरी एक कमी-जास्त लागत नसे. हातात एवढी कला, पण स्वभाव भित्रा. गल्लीच्या तोंडाशी शिपाई दिसला, तरी हा वाट बदलून जाई. त्याची बायको सगुणा मात्र धीराची होती, म्हणून दोघांचे बरे चालले होते.

पुढे गावात तांब्याचे काम उरले नाही. समुद्रापलीकडे पाचूबेट नावाचे राज्य होते, तिथल्या राजाला कारागीर हवे होते. पण केरबाची आई अंथरुणाला खिळलेली, तिला गलबतातून कसे न्यायचे?

"तुम्ही पुढे व्हा," सगुणा म्हणाली. "आईंचं मी बघते. मग मागून येईन."

तिकडे दारातच अडवले तर, असे केरबाने घाबरत विचारले. सगुणेला हसू आले. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा नणंदेने दार अडवले होते, आणि उखाण्यात नवऱ्याचे नाव घेतल्यावरच तिला आत सोडले होते. त्यानंतर तिने ते नाव कधी उच्चारले नव्हते. तेव्हाची रीतच तशी होती.

"अडवलं तर नाव घेईन," ती म्हणाली. "नाव घेतल्यावर कोण अडवतंय?"

पाचूबेटात पाच वर्षे काम केल्यावर परक्या माणसाला कायमच्या वस्तीसाठी अर्ज करता येई. अर्जात एक रकाना असे, 'घरची माणसे, सोबत आलेली आणि मागे राहिलेली'. अर्ज मंजूर झाला की त्यातला मजकूर तांब्याच्या पट्टीवर ठोकून देत. पट्टी खोटी निघाली, तर ती वितळवत आणि माणसाला पहिल्या गलबताने परत धाडत.

केरबाची पाच वर्षे भरली. अर्ज लिहून द्यायला त्याच्याच मुलखातला दाजीबा नावाचा एक जण बंदरावर बसत असे. मागे राहिलेल्या बायकोचे नाव ऐकून त्याने लेखणी खाली ठेवली.

"बायको मागे आहे म्हटलं की यांना वाटतं, हा काही इथं टिकायचा नाही. दहा वेळा बोलावतील, शंभर प्रश्न विचारतील. एकटा आहे म्हणून सांग आणि मोकळा हो."

दाजीबाला कायद्यातले फारसे कळत नव्हते. पण तो ठासून बोलत असे, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढे पुरते. केरबाला तीन दिवस अन्न गेले नाही. अर्ज फेटाळला तर? पाच वर्षे पाण्यात गेली तर? चौथ्या दिवशी त्याने रकान्यात 'एकटा' असे लिहवून घेतले. सगुणेचे नाव काय, मागाहून घालता येईल, अशी त्याने मनाची समजूत काढली.

अर्ज मंजूर झाला. केरबा स्वतःच तांबट, म्हणून कारकुनाने कोरी पट्टी त्याच्याच पुढे सरकवली. 'केरबा, तांबट' एवढे त्याने झरझर ठोकले आणि पुढच्या शब्दापाशी त्याचा हात थांबला. तांब्यावर उठलेले अक्षर पुसता येत नाही, हे त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? सांगायला अजूनही वेळ होता. पण कारकून घाई करत होता, मागे रांग खोळंबली होती. त्याने 'एकटा' हा शब्दही ठोकला. तोही सुबक उठला.

पट्टी मिळाली की भीती जाईल, असे त्याला वाटले होते. ती दुप्पट झाली. दारावर थाप पडली की हातातली हातोडी गळून पडे. सगुणेचे पत्र आले की वाचून तो ते चुलीत घाली. कोणी घरचे विचारले तर विषय बदली. हळूहळू त्याने पत्रे पाठवणेही बंद केले.

अशी दोन वर्षे गेली. मग सगुणेचा निरोप आला. आई गेल्या, क्रियाकर्म पार पडले, फाल्गुनातल्या गलबताने मी निघते.

गलबत लागले त्या दिवशी केरबा पट्टी घेऊन बंदरावर उभा होता. घ्यायला आलेल्यांना पट्टी दाखवावी लागे. खांबाला त्याने पाठ टेकली होती. आधी एका सुताराची बायको उतरली. अकरा वर्षे ती मागे राहिली होती. बंदरावरच्या अंमलदाराने सुताराच्या पट्टीवरून बोट फिरवले, तिचे नाव वाचले आणि "या बाई" म्हणून वाट मोकळी करून दिली. एकही प्रश्न विचारला नाही. तो रकाना मागे राहिलेल्यांची जागा राखण्यासाठी होता, हे केरबाला आता कळले.

मग सगुणा उतरली. हातात त्यानेच घडवलेला गडू होता. अंमलदाराने हात आडवा धरला.

"कोणाकडे आलात?"

सगुणा गालात हसली. उखाणा तिने वाटेतच मनाशी जुळवून ठेवला होता.

तांब्याच्या घंगाळाला मठाराचा थाट,
केरबांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

पण तो तोंडून निघण्याआधी तिने रीतीप्रमाणे नवऱ्याकडे पाहिले. तिची नजर गेली तिकडे अंमलदारानेही पाहिले. त्याने केरबाच्या हातातली पट्टी घेतली आणि वाचली.

"यावर तर 'एकटा' असं आहे. ही कोण तुझी?"

खरे सांगितले तर पट्टी वितळणार होती. सात वर्षांचे सगळे जाणार होते, आणि दोघांना त्याच गलबताने परत जावे लागणार होते. पण दोघांना. एवढेच सांगायचे होते की ही माझी बायको. केरबाने तोंड उघडले, पण शब्द बाहेर आला नाही.

सगुणेने त्याचा चेहरा पाहिला. ही भीती तिला लग्नापासून ओळखीची होती. ओठांवर आलेला उखाणा तिने गिळला.

"मी चुकून भलत्याच गलबतात चढले," ती अंमलदाराला म्हणाली. "माझं इथं कोणी नाही."

अंमलदाराने केरबाला विचारले, हे खरे का? केरबाने होकारार्थी मान हलवली.

गलबत संध्याकाळच्या ओहोटीला सगुणेला घेऊन परत निघाले. केरबा घरी आला. पट्टी पुढ्यात घेऊन त्याने 'एकटा' या शब्दावरून बोट फिरवले. आता ती तपासायला कोणीही आले असते, तरी भिण्याचे कारण नव्हते. तिच्यावरचे अक्षर न् अक्षर खरे झाले होते.

तात्पर्य: भीतीपोटी आपल्या माणसाचे नाव एकदा गाळले, की ते मागाहून घालायला जागा उरत नाही, म्हणून खरे सांगून येईल ती अडचण सोसावी.